इटलीचा चितारी आडवा की उभा

“पाय काढ! माशाच्या शेपटीवरचा पाय काढ आधी, मंग बोल!”

हे ओरडणं वरून आलं नाही, समोरून आलं, कारण तोवर मीही वरच होतो. अंबडच्या एका देवळाच्या सभामंडपात बांबूची परांची बांधलेली होती आणि म्हातारा चितारी छतावर दशावतार काढत होता. टोचण्यांनी भोकं पाडलेला एक लांबलचक कागद फळीवर पसरलेला होता. त्यातून कोळशाची पूड झटकली की मत्स्यावताराची रेघ छतावर उमटणार, अशी ती युक्ती. त्या कागदावर माझा उजवा पाय होता. मी घाबरून तो उचलला आणि गेरूच्या मडक्यात ठेवला.

चितारी पुन्हा असा ओरडला की सभामंडपातली पारवे उडाले ते थेट हसनाबादेत जाऊन बसले. हे मी मनचं सांगत नाही. पुढं हसनाबादचा एक गृहस्थ भेटला, त्याला मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, हो, आमच्याकडं पारवे आहेत, आणि पाय तांबडेच आहेत.

चिताऱ्याचं वय विचारू नका, त्यालाही माहीत नव्हतं. पण मान पाहण्यासारखी होती. सगळी हयात छतं रंगवण्यात गेल्यामुळं ती कायमची मागं गेली होती. रस्त्यानं चालताना त्याचं आभाळाशी काही जुनं भांडण आहे असं वाटायचं. माझ्याकडं बघायचं तर त्याला कमरेतून वाकावं लागे. तसं वाकून त्यानं मला विचारलं, “कोण रे तू?”

“जालन्याचा. शाळेत हाये.”

“मंग शाळेत बस की. इथं काय करून राह्यला?”

“इटलीच्या एका चिताऱ्याची माहिती काढून राह्यलो.”

त्यानं कुंची खाली ठेवली. मग म्हणाला, “अंबडात?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

तेव्हा आमच्याकडं निजाम सरकार. घरी मराठी, देवापुढं संस्कृत आणि शाळेत उर्दू, अशा तीन जिभा घेऊन आम्ही वावरायचो आणि भूक लागली की तिन्ही एकदम बोलायच्या. आमचे इतिहासाचे मौलवीसाहेब हैदराबादहून आलेले. माणूस सज्जन, पण शिकवण्याचं वेड लागलेला. युरोपात चारशे वर्षांमागं जो नव्या विद्येचा, नव्या कलेचा उजेड पडला, त्याला आमच्या पुस्तकात निशात-ए-सानिया म्हणत. तो धडा आला तेव्हा मौलवीसाहेबांनी ठरवलं की आपण शिकवायचं नाही, पोरांनी शिकवायचं. प्रत्येकाला त्या काळातला एकेक उस्ताद वाटून दिला. ज्यानं त्यानं आपल्या उस्तादाची माहिती काढायची आणि वर्गापुढं उभं राहून पाव तास बोलायचं. तेही कधी, तर औरंगाबादहून शिक्षणखात्याचे मोठे साहेब, म्हणजे मोहतमीम, शाळेच्या मुआयन्याला, तपासणीला येतील त्या दिवशी.

मला एक चितारी मिळाला. त्याचं नाव वर्गातल्या चाळीस पोरांनी चाळीस तऱ्हेनं उच्चारलं आणि मौलवीसाहेबांनी एकेचाळीसाव्या, म्हणून ते इथं लिहीत नाही. रोमच्या धर्मगुरूंच्या प्रार्थनामंदिराचं अख्खं छत त्यानं रंगवलं, एवढं सांगितलं तरी ओळखणारे ओळखतील. तोच मला का, तर पुस्तकात त्याच्या चारच ओळी होत्या. मौलवीसाहेबांनी हे मला तोंडावर सांगितलं. चार ओळींत हा पोरगा किती थापा मारील, असा त्यांचा हिशेब. शिवाय अट घातली, की किताबच्या बाहेरचा एक लफ्ज बोललास तर मोहतमीम साहेबांसमोर खाली बसवीन.

आता पाव तास बोलायचं आणि ओळी चार. एकेक ओळ म्हैस रवंथ करते तशी चघळली तरी पाव तास भरत नाही.

याहून वाईट घरी होतं. वडील वकिलाचे मुन्शी. दिवसभर कचेरीत साक्षीदारांच्या जबान्या लिहून घ्यायचे. आयुष्यात इतके खोटे साक्षीदार ऐकले होते की माणसानं तोंड उघडायच्या आधी, नुसता खाकरला तरी त्यांना खोटं कळायचं. आणि घरात मी. शाळेतून माझ्याबद्दल सहामाहीला शेरा आला होता, तो असा, की मुलगा हुशार आहे, पण सांगतो त्यातलं निम्मं घडलेलं नसतं. वडिलांनी तो वाचून घडी घालून ठेवला आणि एकच सांगितलं. मुआयन्याला काय शेरा मिळतो तो बघू. पुन्हा असाच आला तर शाळेतून नाव काढायचं आणि परतूरला मामाकडं कापसाच्या अडतीवर बसायचं.

परतूरबद्दल माझी काही तक्रार नाही. गाव चांगलं, स्टेशन आहे, मामाही जेवायला घालायचा. पण मी एकदा तिथं आठ दिवस राहून आलो होतो. दिवसभर कापसाच्या गाठींशेजारी बसायचं. गाठी ऐकून घेतात, पण हसत नाहीत. माझ्यासारख्याला रोज चाळीस पोरं समोर लागतात, आणि ती एका शाळेशिवाय कुठं मिळणार? चित्रकाराचं मला काही पडलं नव्हतं. मला शाळा सोडायची नव्हती.

म्हणून मी माहिती काढायला निघालो. जालन्यात शहाणा म्हणावा असा एक माणूस सोडला नाही. स्टेशनावर तिकीटबाबूला विचारलं, इटलीबद्दल काही माहिती? तो मान वर न करता म्हणाला, मनमाडला गाडी बदलावी लागेल, पुढचं तिथं विचार. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं इटली हे रेचकाचं नाव असावं असं सांगितलं. शेवटी वडिलांबरोबर तारखेला अंबडला गेलो. ते नेहमी मला न्यायचे, कागदपत्रांचं गाठोडं उचलायला. ते कोर्टात आत गेले आणि मी गावात भटकत देवळाशी आलो. वर पाहतो तो एक माणूस छत रंगवतोय. मनात म्हटलं, छत ते छत. रोमचं काय आणि अंबडचं काय. आणि परांचीवर चढलो.

हे सगळं मी चिताऱ्याला सांगितलं, गेरूच्या मडक्यातला पाय फडक्यानं पुसत. त्याला इटली कुठं आहे ते कळलं नाही, पण परतूर कळलं.

“पुस्तक आणलं का?” त्यानं विचारलं.

पुस्तक पिशवीत होतं. त्यात त्या छताच्या एका तुकड्याचं पोस्टाच्या तिकिटाएवढं, शाई फुटलेलं चित्र होतं. हवेत एक दाढीवाला म्हातारा, खाली जमिनीवर रेललेला एक जवान. दोघांनी हात लांब केलेत आणि बोटाला बोट लागणार एवढ्यात थांबलंय. चिताऱ्यानं ते चित्र डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, उलटं धरलं, सुलटं धरलं.

“म्हातारा चुना देऊन राह्यला,” तो म्हणाला. “तंबाखू त्या जवानाकडं हाये. डाव्या हातात बघ.”

मी पाहिलं. त्या दिवसापासून आजपर्यंत मला त्या चित्रात दुसरं काही दिसलेलं नाही. पुढं मोठी, रंगीत, महागाची पुस्तकं पाहिली. त्यातही तो चुनाच देतोय.

“हात मात्र बराबर,” चितारी पुढं म्हणाला, आता जरा हळू आवाजात. “खांद्यातून निघालाय हात. ह्याला कळत व्हतं. आणि खाली काय लिहिलंय?”

मी चार ओळी मराठीत करून सांगितल्या. अमक्या गावचा, आधी मूर्ती घडवायचा, मग छताचं काम आलं, आणि ते त्यानं चार वर्षं परांचीवर पाठीवर पडून पुरं केलं.

“पडून?”

“पडून. पुस्तकात हाये.”

चिताऱ्यानं काही वाद घातला नाही. म्हणाला, “पड.”

त्यानं मला फळीवर उताणं झोपवलं, फळीखाली विटा सारून मला छताजवळ नेलं, हातात कुंची दिली आणि कासवाच्या पाठीतला एक कोपरा भरायला सांगितला. पहिला थेंब नाकात गेला. दुसरा तोंडात, कारण पहिल्यामुळं तोंड उघडलं होतं. तिसऱ्याला मी डोळे मिटले आणि मग कासवाच्या जागी काय रंगवलं ते देवाला माहीत. हात तर दहा मोजायच्या आत मुंग्यांचं वारूळ झाला. खाली उतरेपर्यंत मी इतका गेरू प्यालो होतो की घरच्या ओसरीच्या साऱ्या भिंतींना एक हात सहज झाला असता.

“आता उभा राह,” चितारी म्हणाला. त्यानं फळी खाली घेतली. “मान मागं, हात पुढं. गळल तो पायाशी गळला पाहिजे, तोंडात न्हाई. पडून छत रंगवता येत असतं तर माझी मान अशी झाली असती का? त्या बाबाचं असं रंगवतानाचं चित्र कुठं असल तर बघ. मान मोडलेली असल.”

मी दुपारभर तिथंच राहिलो. रंग कसे घोटतात, कोळशाची पूड कशी झटकतात, देवळाचे पंच रोज येऊन खालून कसं विचारतात, “कधी होणार?” आणि तो वरून कसं सांगतो, “झालं म्हंजे होईल.” जेवण परांचीवरच, सुकी भाकरी आणि लसूण. उतरायचं-चढायचं कोण? हे सगळं मी डोक्यात भरून घेतलं. कोर्ट सुटल्यावर वडिलांनी माझ्या तांबड्या नाकाकडं पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, अभ्यास करत होतो. त्यांनी पुढं विचारलं नाही. त्यांना वाटलं असणार, एवढ्या वाईट थापेला प्रश्न कशाला खर्च करा.

मुआयन्याचा दिवस आला. शाळा सजली. भिंतींना चुना दिला होता आणि खालचा पट्टा गेरूचा चालू होता, तो मोहतमीम साहेबांची मोटार आली तेव्हा आमच्या वर्गात अर्धा झाला होता. बादली आणि कुंचे कोपऱ्यात सारून त्यांवर पोतं टाकलं होतं. साहेब आत आले. उंच, शेरवानी, तांबडी तुर्की टोपी आणि पांढरीशुभ्र दाढी. ती दाढी पाहून औरंगाबादच्या धोब्यांनी कपडे पांढरे करणं सोडून दिलं होतं, असं म्हणत.

माझा नंबर आला. मी उभा राहिलो आणि सुरुवात केली. मौलवीसाहेब पुस्तकावर बोट ठेवून बसले होते. पहिली ओळ सांगितली, बोट सरकलं. मग मी हळूच त्यात अंबड मिसळलं. म्हटलं, या उस्तादाचं जेवण परांचीवरच होत असे, सुकी रोटी आणि लसूण. धर्मगुरू रोज खाली येऊन विचारत, काम कधी संपणार, आणि तो वरून सांगे, संपेल तेव्हा. मौलवीसाहेबांचं बोट पुस्तकावर ही ओळ शोधत फिरू लागलं, पण मोहतमीम साहेब मान डोलावत होते, त्यामुळं बोटाला बोलता येईना. पुढं कैक वर्षांनी मी एका मोठ्या ग्रंथात वाचलं, की धर्मगुरू खरोखरच येऊन तसं विचारत आणि त्यांना जवळजवळ तसंच उत्तर मिळे. मला फार वाईट वाटलं. माझी एक चांगली थाप फुकट गेली.

मोहतमीम साहेबांनी चित्र पाहायला मागितलं, आणि हा म्हातारा काय देतोय असं विचारलं. “जान, हुजूर,” मी म्हणालो. मागच्या बाकावरून कुणीतरी “चुना” म्हणालं. मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ते भोवलं. पण साहेबांना ऐकू गेलं नसावं.

मग चौथी ओळ आली. पाठीवर पडून. मी तीच म्हणणार होतो, शपथेवर सांगतो. शहाणपण त्यातच होतं. पण खोटं बोलताना माझी जीभ जन्मात कधी अडखळली नाही, ती त्या दिवशी पुस्तकातलं वाक्य म्हणताना अडखळली. नाकात गेरू आठवला. आणि माझ्या तोंडून निघालं, “यह छत उस्तादने खडे होकर बनाई.”

मौलवीसाहेब ताडकन उठले. “लेटकर. किताब में साफ लिखा है.”

“किताब में गलत लिखा है.”

 मौलवीसाहेब साहेबांकडं वळले आणि हात जोडून म्हणाले, की हुजूर, माफ करा, हा मुलगा जुना लफ्फाज, थापाड्या आहे, ह्याच्या घरच्यांनाही ठाऊक आहे. मला परतूरच्या गाठी दिसू लागल्या, एकावर एक रचलेल्या.

मोहतमीम साहेबांनी मला शांतपणे विचारलं, तुला कसं माहीत? मी म्हटलं, मी पडून बघितलंय. कुठं? अंबडला. साहेब म्हणाले, मग इथं दाखव.

टेबल होतंच. त्याच्या पाटाला छत समजायचं ठरलं. मी कुंचा गेरूत बुडवून टेबलाखाली उताणा झालो आणि रंगवू लागलो. नाकातोंडात गेला, ठसकलो, बाहेर आलो. मौलवीसाहेब म्हणाले, “नाटक कर रहा है, हुजूर.” आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. थोडंसं नाटक होतंच. खोकला मी गरजेपेक्षा जास्त खोकलो होतो. चांगलं खोकायची संधी आली की मला आवरत नाही. खोटारड्याच्या खऱ्या खोकल्याला पुरावा कोण मानणार?

साहेबांनाही ते पटलं असावं. त्यांनी वर्गाकडं पाहिलं, मौलवीसाहेबांकडं पाहिलं. मग टोपी काढून मौलवीसाहेबांच्या हातात दिली, शेरवानी काढून खुंटीला लावली आणि निजाम सरकारचे मोहतमीम टेबलाखाली जाऊन उताणे झोपले.

“ब्रश,” त्यांनी हात बाहेर काढला.

मी कुंचा दिला. आम्हा चाळीस पोरांना त्यांचे फक्त बूट दिसत होते. बूट आधी सरळ होते. मग एक बूट हलला. मग दोन्ही एकदम वर गेले. आतून उर्दूत काहीतरी आलं, ते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. साहेब बाहेर आले तेव्हा डावीकडची अर्धी दाढी तांबडी झाली होती, जणू न्हाव्यानं मेंदी लावता लावता मध्येच दुकान बंद केलं. कुणी हसलं नाही. हसू इतकं दाबलं की पुढच्या बाकावरच्या एकाच्या सदऱ्याची दोन बटणं तुटली.

पण साहेब तिथं थांबले नाहीत. ते टेबलावर चढले. आमच्या शाळेची माळवदाची छतं, हात पोचायचा. मी खालून चिताऱ्याचं सांगितलं, मान मागं, हात पुढं. त्यांनी छताच्या फळीवर हातभर लांब तांबडी रेघ मारली. थेंब गळले ते टेबलावर, त्यांच्या पायांपुढं पडले. ते खाली पाहत राहिले.

“मौलवीसाहेब,” ते वरूनच म्हणाले, “लडका ठीक कहता है. वह खडा था.”

मौलवीसाहेबांनी टोपी टेबलाच्या कडेला जपून ठेवली, खिशातून पेन्सिल काढली, पुस्तकातल्या त्या शब्दावर रेघ मारली आणि वर नवा शब्द लिहिला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, “लहसुनवाली बात कहां से लाया?” मी साहेबांच्या हातचा कुंचा घ्यायला वळलो. त्यांनी ते तिथंच सोडून दिलं. असा मास्तर पुन्हा मिळाला नाही.

पुढं त्या मोठ्या ग्रंथातच सापडलं, की त्या उस्तादानं काम चालू असताना कागदाच्या कडेला स्वतःचं एक छोटं चित्र काढून ठेवलंय. उभा आहे, हात वर, आणि मान पार मोडलेली. पण ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक? आमच्याकडं फक्त अंबडचा म्हातारा होता.

जाताना साहेबांनी माझ्यासाठी एक रुक्का लिहून मोहर मारून दिला. त्यात त्यांनी लिहिलं होतं, की हा मुलगा स्वतः पाहिल्याखेरीज बोलत नाही आणि खरं सांगायला कुणाला भीत नाही.

संध्याकाळी वडील ओसरीवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एक दाणाही पदरचा न घालता सांगितलं, पारव्यांचं गाळलं, बटणांचं गाळलं. ते जबानी घ्यावी तसे मध्येमध्ये विचारत होते.

“साहेब टेबलाखाली?”

“हो.”

“शेरवानी?”

“काढून. खुंटीला लावली.”

“आणि दाढीला गेरू.”

“डाव्या बाजूला.”

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मी खाकरलोसुद्धा नाही. मग रुक्का पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला, मोहर उजेडाला धरून पाहिली, सहीवर अंगठा फिरवला, घडी पहिल्यासारखी घातली आणि माझ्या हातात परत ठेवला.

“हा रुक्का दुसऱ्याच्या पोराचा दिसतो,” ते म्हणाले. “उद्या शाळेत जाशील तेव्हा देऊन ये.”